एकादशीला बोटं मोकळी, दोन दिवसांनी पुन्हा जाम : पोटाचा आणि सांध्यांचा संबंध असतो का हो?

वडगावची सून
९ जुलै, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी ४४ वर्षांची. बेळगावात वडगावला राहते, घरचे चार पॉवरलूम आहेत. दोन वर्षांपूर्वी सकाळी उठलं की दोन्ही हातांची बोटं मिटेनात. कांड्या भरायचं काम लहानपणापासूनचं, म्हणून आधी वाटलं त्याचाच ताण. मग चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची वेळ आली, पायाच्या चवड्यावर भार देता येईना. रक्ताच्या तपासण्यांत आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही वाढलेले निघाले. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उठते तो संधिवात. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा, सोबत फॉलिक ॲसिड. सहा महिन्यांत मी परत कणीक मळायला लागले.

यंदा संक्रांतीला नणंदेनं फोनवर एक यादी पाठवली. दही, ताक, चिंच, टोमॅटो, वांगं, बटाटा, गहू, दूध, शेंगदाणे, झाडून सगळ्या डाळी बंद. राहिलं काय, तर तांदळाची पेज आणि दोडका. शिवाय एका ठिकाणी रक्त देऊन ‘तुमच्या शरीराला न चालणारे पदार्थ’ काढून घेतले. साडेआठ हजार गेले, पदार्थ निघाले ३१. गोळीनं मळमळायचंच, म्हणून एप्रिलात तीही सोडली.

खोटं कशाला बोलू, पहिले पंधरा दिवस फार छान गेले. मग मे संपता संपता दोन्ही मनगटं अशी सुजली की बांगड्या कापून काढल्या. वजन सहा किलो उतरलं, हिमोग्लोबिन ८.९. आता गोळी पुन्हा सुरू आहे.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी एकादशी कडक करते, पाणी आणि फार तर एक केळं. दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं मोकळी असतात. आषाढीलाही तसंच झालं. जेवायला लागले की दोन दिवसांत पुन्हा जाम. हा भास आहे का? डॉक्टर म्हणतात आहाराचा काही संबंध नाही, वाट्टेल ते खा. नणंद म्हणते सगळं आहारातच आहे. दोघांच्या मधलं कुणी सांगेल का?


निपाणी नाका
९ जुलै, रात्री १०.५२

वैनी, तुमचं दुखणं वेगळं, माझं वेगळं, पण यादी तीच बघा! मला पण अशीच आलती. माझा उजव्या पायाचा अंगठा. रात्री दोनला उठून बसलो, चादर लागली तरी बोंबललो. युरिक ॲसिड ९.२. कुणी सांगितलं डाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद. सगळं बंद केलं. आणि मेहुण्याच्या लग्नात मटण नि बिअर चालू ठेवली, कारण ती यादीत नव्हती 😀 चार महिन्यांत तीन वेळा अंगठा फुगला.

वर आमच्या आईचा हट्ट, सांधे दुखत्यात तर बकऱ्याच्या पायाचं सूप पी. दर रविवारी पाया!


मिरज लाईन
९ जुलै, रात्री ११.२०

घ्या, सुरू झालं. आता हळद येईल, मेथीदाणे येतील, कुणी लसूण तुपात तळेल. ताई, डॉक्टरांचं ऐका आणि गोळी घ्या. माझ्या सख्ख्या आत्याची बोटं अशीच ‘मुळापासून बरं’ करण्याच्या नादात कायमची वाकडी झालीत. आहारबिहार सगळं मनाचे खेळ.


रिपोर्टवाला
१० जुलै, सकाळी ७.०५

वीस वर्षं लॅबमध्ये काढलीत, म्हणून त्या साडेआठ हजारांबद्दल बोलतो. बाकीचं जाणकार सांगतील.

ती तपासणी बहुतेक आयजीजी पॅनेल असणार. आपण जे नेमानं खातो त्याच्याविरुद्ध आयजीजी प्रतिपिंडं शरीरात सापडतातच. तुम्ही रोज भाकरी, तूरडाळ, शेंगदाणे खाता, म्हणून तेच पदार्थ ‘लाल’ रंगात छापून आले. तो तुमच्या स्वयंपाकघराचा आरसा झाला. रोगाशी त्याचा संबंध लावता येत नाही, आणि ॲलर्जीच्या तज्ज्ञांच्या संस्थांनीही यासाठी ही तपासणी करू नका असं सांगितलंय.

हल्ली शौचाचा नमुना घेऊन आतड्यातल्या जिवाणूंचं चित्र काढून देणारी किटंही घरपोच येतात. चित्र सुंदर असतं. त्यावरून तुमचं औषध किंवा जेवण ठरवावं इतकं ते शास्त्र अजून पुढे गेलेलं नाही.

आणखी एक, हे सगळ्यांसाठी. नुसता आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे संधिवात नव्हे. धडधाकट माणसांत, वयस्करांत, क्षयरोगात, काविळीच्या काही प्रकारांतही तो वाढतो. अँटी-सीसीपी त्यापेक्षा खूप नेमकी. ताईंचे दोन्ही वाढलेत आणि लक्षणंही तीच आहेत, म्हणजे निदान पक्कं आहे. निपाणीकरांनी हे ध्यानात ठेवा की ऐन झटक्यात युरिक ॲसिड कधी कधी नॉर्मल येतं. झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत करायचं.


स्टेथो
१० जुलै, दुपारी ३.३०

मी खानापूर भागात प्रॅक्टिस करतो. सांध्यांचा तज्ज्ञ नाही, साधा फिजिशियन आहे. पण या प्रश्नानं मलाही बरेच दिवस छळलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

वडगावच्या ताई, एकादशीचा भास नाही. १९९१ साली नॉर्वेतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. ऱ्हुमॅटॉइडचे ५३ रुग्ण. त्यांतल्या २७ जणांना आधी सात ते दहा दिवस जवळजवळ उपास, म्हणजे भाज्यांचं पातळ सूप, काढे असलं काही. मग साडेतीन महिने दूध, अंडी, मांस आणि गहू यांतलं काहीच नाही. त्यानंतर दूध-भाजीचा शाकाहार. उपासात सूज आणि सकाळचा ताठरपणा पहिल्या महिन्यातच कमी झाला आणि आहार पाळणारा गट वर्षाअखेरपर्यंत दुसऱ्या गटापेक्षा बरा राहिला. खोट एवढीच की आपण काय खातोय हे रुग्णांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यात मनाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. आणि नुसत्या उपासानं आलेलं बरं वाटणं जेवण सुरू झालं की ओसरतं, हे तुम्ही दर पंधरवड्याला स्वतःच बघताय.

मिरज लाईन, म्हणून ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकून टाकता येत नाही. पण ‘सगळं आहारातच’ हेही नाही. बारा महिने एकादशी कोण करणार? मे महिन्यात काय झालं ते ताईंनीच लिहिलंय.

आता पोटाचं. आतड्याच्या भिंतीला लागून शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा फौजफाटा असतो. पलीकडे अब्जावधी जिवाणू. आपण न पचणारा चोथा खातो, म्हणजे ज्वारीचा कोंडा, कडधान्यांची सालं, भाज्यांचे तंतू. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार होतात. ही आम्लं आतड्याच्या पेशींचं खाद्य आहेत, आणि संरक्षक पेशींत जे शांतता राखणारे असतात त्यांनाही ती बळ देतात. हा दुसरा भाग उंदरांत चांगला दिसलाय, माणसांत अजून तुकड्या-तुकड्यानं. ताईंच्या यादीनं नेमका हाच चोथा बंद केला होता! पेज आणि दोडक्यावर ते जिवाणू काय जगणार?

२०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी नव्यानं निदान झालेल्या, अजून औषध न घेतलेल्या रुग्णांचे नमुने तपासले. ७५ टक्के जणांत प्रिव्होटेला कोप्री नावाचा जिवाणू सापडला, निरोगी लोकांत २१ टक्क्यांत. मोठी बातमी झाली. आता गंमत अशी की धान्य-कडधान्य खाणाऱ्या आपल्यासारख्यांच्या आतड्यात प्रिव्होटेला मुळातच भरपूर असतो. मग आपण सगळे आजारी का नाही? याच जिवाणूच्या वेगवेगळ्या जाती आहेत, त्या सगळ्या सारख्या वागत नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या बातमीवरून बेळगावात ‘जिवाणू मारायची’ पावडर विकणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

निपाणीकर, तुमचा रोग गाऊट, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साचतात तो. तिथे आहाराचा संबंध थेट आहे, फक्त तुमची यादी उलटी लिहिली गेली. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवून २००४ मध्ये निष्कर्ष आला होता. मटण आणि मासळीनं धोका वाढतो, दूध-दह्यानं कमी होतो, डाळी आणि पालकासारख्या भाज्यांनी वाढत नाही. बिअर सर्वांत वाईट. पाया, कलेजी, मुंडी बंद. उसाचा रस आणि थंड पेयं यांतल्या फ्रुक्टोजनंही युरिक ॲसिड चढतं, गुऱ्हाळावर ‘नैसर्गिकच आहे की’ म्हणून चार ग्लास रिचवू नका. पण नुसत्या पथ्यानं ९.२ खाली सहाच्या आत येणं अवघड, औषध लागेल.


निपाणी नाका
१० जुलै, दुपारी ४.१०

डाळ चालतंय म्हणता? डॉक्टर, तुमच्या तोंडात साखर पडो. नको, साखर नको, डाळ पडो.


काढा
१० जुलै, रात्री ९.००

मी आयुर्वेदाचा पदवीधर, गेली अठरा वर्षं संकेश्वरजवळ दवाखाना आहे. स्टेथो यांनी छान लिहिलंय. थोडी भर आणि थोडा वाद.

‘माधवनिदाना’त आमवाताचा, म्हणजे ज्याची गाठ आम्ही ऱ्हुमॅटॉइडशी घालतो त्याचा, स्वतंत्र अध्याय आहे. तिथे रोगाची सुरुवात मंद झालेल्या अग्नीपासून सांगितलीय. न पचलेला ‘आम’ वाताबरोबर सांध्यात जाऊन बसतो. हजार वर्षांहून जुना ग्रंथ सांध्याच्या रोगाचं बोट धरून पोटाकडे नेतो, याचं मला आजही कौतुक वाटतं. आणि चिकित्सेत पहिला शब्द लंघन, म्हणजे उपास. ताईंची एकादशी! मग शेक, कडू-तिखट चवीचं, अग्नी वाढवणारं दीपन, एरंडेल.

आता वाद. आमच्याकडे आमवाताच्या अपथ्यात दही, मासे, गूळ, दूध, उडदाच्या पिठाचे पदार्थ येतात. गाऊट म्हणजे वातरक्त, तो निराळाच. यादी पाठवणारे लोक आमवात, वातरक्त आणि संधिगतवात, म्हणजे गुडघ्याची झीज, या तिघांना एकाच ‘वात’ नावाखाली घालून तीनही पथ्यांची खिचडी करतात. तूर-मुगाची डाळ, गहू, शेंगदाणे आमच्या त्या अपथ्यात नाहीत. ही यादी आयुर्वेदाच्या नावावर खपवू नये.

एक कळकळीचं. बाजारात, जत्रेत ‘जडीबुटीची’ काळी पुडी मिळते, दोन दिवसांत सूज जाते. इतक्या झटपट जाते तेव्हा त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता फार. माझ्याकडे असे रुग्ण येतात, तोंड सुजलेलं, साखर वाढलेली, आणि पुडी बंद केली की उठता येत नाही. मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या रुग्णाला मी ते सोडायला सांगत नाही. सांगणारे आमच्यातले आहेत, हे कबूल.


मिरज लाईन
१० जुलै, रात्री ९.४५

शेवटच्या परिच्छेदाबद्दल +१. पण मासे अपथ्य? अहो, ओमेगा-३ चं काय?


स्टेथो
११ जुलै, सकाळी ८.१५

इथे माझं आणि काढा यांचं जुळणार नाही, आणि ते तसंच राहू दे. ऱ्हुमॅटॉइडमध्ये माशाच्या तेलाचे प्रयोग बरेच झालेत. दिवसाला साधारण ३ ग्रॅम ईपीए-डीएचए, म्हणजे माशातलं ओमेगा-३, तीन महिने घेतल्यावर दुखणं आणि वेदनाशामक गोळ्यांची गरज थोडी कमी होते. ‘थोडी’ हा शब्द महत्त्वाचा. तेवढं नुसत्या माशांतून रोज मिळणं कठीण, तरी आठवड्यात दोनदा बांगडा किंवा तारली खाल्ली तर चांगलंच. आपल्याकडे गोव्याचा, कारवारचा मासा सकाळी बाजारात असतो. तळून नको, कालवण करा.

शाकाहारी असाल तर जवस, आपल्याकडच्या कन्नड शेजाऱ्यांची अगसी. त्यातल्या ओमेगा-३ चं शरीरात ईपीए-डीएचए फार कमी होतं, माशाची बरोबरी नाही. पण चोथा मात्र भरपूर. भाजून कुटून खायची, अख्खी गिळली तर तशीच बाहेर पडते.

दही-ताकानं ऱ्हुमॅटॉइड बिघडतो असा पुरावा माझ्या वाचनात नाही. वांगं-टोमॅटो-बटाट्याचंही तेच. एखाद्याला स्वतःला एखादा पदार्थ बाधतोय असं वाटलं तर तो एकटा तीन आठवडे सोडावा, मग परत खाऊन बघावा. एका वेळी एक. ३१ एकदम सोडले तर कशानं काय झालं ते देवालाही कळणार नाही.

गव्हाबद्दल : सिलिॲक रोगात, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेननं आतडं बिघडतं त्यात, सांधे दुखू शकतात, त्याची रक्ततपासणी असते. पण ती गहू चालू असतानाच करायची. आधी गहू सोडला तर रोग असूनही तपासणी निगेटिव्ह येईल.

ताई, मळमळीवर उपाय आहेत. गोळी रात्री जेवून घेणं, फॉलिक ॲसिडचा डोस बदलणं, किंवा मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन. मळमळतं हे डॉक्टरांना सांगितलंत का? आणि कृपा करून दुखण्याची गोळी उपाशीपोटी, एकादशीला तर अजिबात घेऊ नका. त्या गोळ्या जठर आणि लहान आतडं दोन्ही सोलून काढतात. हिमोग्लोबिन ८.९ मागे यादी असेल, आजार असेल, तशी ही गोळीही असू शकेल.

शेवटचा प्रश्न, राग मानू नका. दातांना तंबाखूची मिश्री लावता का?


उचगावची अक्का
११ जुलै, सकाळी ११.३०

मी ६३. माझं गुडघ्याचं, झीज. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, एक किलो कमी झालं तर पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो. सात किलो उतरवलंय, म्हणजे अठ्ठावीस! आता तिसऱ्या मजल्यावर लेकाच्या घरी जाते, मध्ये एकदाच थांबून.

काय केलं सांगते. रात्रीचा भात बंद, ज्वारीची भाकरी एक, त्याबरोबर मोड आलेली मटकी नाहीतर हुलगे. सकाळी नाचणीची आंबील ताक घालून. आमच्या आज्जी हेच खायच्या, आणि आम्ही मधल्या काळात पाव-बटर, फरसाण खायला लागलो नव्हं. बेळगावचा कुंडा कुणी आणला तर चमचाभर, मांडे फक्त लग्नात.

वैनी, तुम्ही आंबलेलं सोडलंत, ते मला खटकलं बघा.


चोर्ला घाट
११ जुलै, रात्री १०.०५

जरा आडवाटेनं येतो. नोकरीनिमित्त मी काही वर्षं शिवमोग्गा जिल्ह्यात सागरला होतो. तिथल्या हंदिगोडू गावात १९७४-७५ च्या सुमारास लोकांना भयंकर सांधेदुखी सुरू झाली. तरुण वयात खुबे-गुडघे निकामी, कित्येकांना हातांवर सरपटत चालावं लागायचं. बहुतेक सगळे भातशेतीत राबणारे, अतिशय गरीब लोक. पहिला संशय कशावर, तर खाण्यावर. भातखाचरातले खेकडे आणि मासे हे लोक खायचे, आणि त्याच सुमारास शेतात कीटकनाशकं आली होती. दुवा अगदी फिट्ट बसत होता.

पुढे घराण्यांचे वृक्ष काढून तपासले तेव्हा दिसलं की रोग आई-बापांकडून मुलांत उतरतोय. हाडांच्या वाढीतला आनुवंशिक दोष. जवळजवळच्या नात्यांतली लग्नं, त्यामुळे थोड्या गावांत तो साचून राहिलेला.

वडगावच्या ताईंच्या आजाराशी याचा काही संबंध नाही. पण ‘अमुक खाल्लं नि तमुक झालं’ असं कुणी म्हणालं की मला ते खेकडे आठवतात.


उद्यमबाग
१२ जुलै, सकाळी ६.२०

माझं वय २९, फाउंड्रीत लेथवर हाय. मला कंबर. पहाटे चारला जाग येते, ताठ लाकूड झाल्यागत, आणि कामावर लागलं की दोन तासांनी सैल. आराम केला की वाढतंय, हललं की कमी. तीन वर्षं ‘लेथवर वाकून वाकून’ म्हणून पट्टा बांधून फिरलो. शेवटी रक्तात एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह, अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात.

मला पोटाचा पण त्रास हाय, मधूनच जुलाब. नेटवर वाचलं लंडनच्या एका प्राध्यापकांनी म्हणे क्लेब्सिएला जिवाणूला पिष्ट लागतंय, म्हणून पिष्टच बंद करा. भात, भाकरी, चपाती, बटाटा, रताळी बंद! बेळगावच्या पश्चिम भागातल्या पोराला रताळी बंद म्हणजे काय ओ? आमच्या घरात वर्षाला किती पोती निघत्यात माहीत हाय काय. दीड महिना केलं, चक्कर यायला लागली. कुणाला अनुभव?


स्टेथो
१२ जुलै, दुपारी २.४०

उद्यमबाग, त्या सिद्धांताला चाळीसेक वर्षं झाली, पण त्या आहाराला भक्कम पुरावा मिळालेला नाही. फाउंड्रीत बारा तास उभं राहणाऱ्यानं पिष्ट सोडायचं म्हणजे भट्टीतला कोळसा काढून घेण्यासारखं आहे. खा रताळी, सालासकट उकडून.

पण जुलाब डॉक्टरांच्या कानावर घालाच. तुमच्या आजारात निम्म्याअधिक रुग्णांच्या आतड्यात सूक्ष्म सूज सापडते, त्यांना पोटाचा त्रास नसला तरी. काहींना पुढे क्रोन्ससारखा आतड्याचा रोग होतो. इंजेक्शनं निवडताना याचा फरक पडतो, काही कंबरेला चालतात पण आतड्याला चालत नाहीत. रक्त पडतं का, वजन उतरतंय का, ते सांगा त्यांना. आणि पट्टा सोडून पोहायला जा.


वडगावची सून
१२ जुलै, रात्री ११.१०

सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. आंबिलीचं पीठ भिजवलंय अक्का.

स्टेथो सर, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून फोन उलटा ठेवला होता. हो, लावते. लग्न होऊन आले तेव्हापासून, बावीस वर्षं. सकाळी, दुपारी जेवण झाल्यावर, रात्री. सासूबाई लावतात, जावा लावतात. हिरड्यांतून रक्त येतं, दोन दाढा हलतात. पण त्याचा बोटांशी काय संबंध? माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं ते.


स्टेथो
१३ जुलै, सकाळी ७.५०

पोट तोंडापासून सुरू होतं ना. हिरड्यांच्या रोगात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा एक जिवाणू असतो. त्याच्याकडे एक विकर (एन्झाइम) आहे, ते प्रथिनांचा थोडासा चेहरामोहरा बदलतं, त्यांच्यातल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन करतं. शरीराला मग आपलीच प्रथिनं परकी वाटायला लागतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. तुमच्या रिपोर्टवरच्या अँटी-सीसीपीमधला दुसरा ‘सी’ म्हणजे हेच सिट्रुलिन. हिरड्यांचा रोग आणि ऱ्हुमॅटॉइड बरोबरीनं जास्त आढळतात, ते याच वाटेनं असावं असा अंदाज आहे.

विडी-सिगारेटनं ऱ्हुमॅटॉइडचा धोका वाढतो हे पक्कं ठाऊक आहे. मिश्रीचं त्याच ठामपणे सांगणार नाही, पण ती हिरड्यांची वाट लावते आणि तोंडाचा कॅन्सर करते यात शंका नाही. त्यामुळे दातांचे डॉक्टर आधी, यादी नंतर.


निपाणी नाका
१३ जुलै, सकाळी ९.३०

आमच्याच गावची तंबाखू की वैनी. घरात तीन पिढ्या वखारीत. काय बोलणार.


वडगावची सून
१४ ऑक्टोबर, रात्री ९.३५

तीन महिन्यांनी धागा वर काढतेय. दोघा-तिघांनी विचारलं होतं म्हणून.

मेथोट्रेक्सेट आता इंजेक्शननं, शनिवारी रात्री. मळमळ नाहीशीच झाली म्हणा. मनगटांची सूज उतरली, रक्तातली सूज दाखवणारं सीआरपी ३८ वरून ९. डॉक्टरांनी सल्फासालाझिनची गोळी जोडलीय. हिमोग्लोबिन १०.८. जेवणात सगळं आलंय. एक-एक करून बघितलं, तर वांग्यानं काही होत नाही, दह्यानं काही होत नाही. शेवेच्या, भज्यांच्या दिवशी मात्र दुसऱ्या सकाळी जड वाटतं. ते तेलानं की मीठ-तिखटानं, की जास्त खाल्ल्यानं, माहीत नाही. शेजारच्या गौडरांच्या घरून अगसीची चटणी येते, भाकरीवर रोज एक चमचा. मासे आमच्यात चालत नाहीत.

नवरात्र धरलं नाही यंदा. सासूबाईंना पटलं नाही, दोन दिवस बोलल्या नाहीत. एकादशी चालू आहे, पण आता दूध आणि फळं घेते, गोळीच्या वेळी पोट रिकामं ठेवत नाही.


स्टेथो
१५ ऑक्टोबर, सकाळी ८.००

फार छान. सल्फासालाझिनची एक गंमत सांगतो. स्वीडनमधल्या नन्ना स्वार्ट्झ या डॉक्टरीणबाईंनी १९४० च्या सुमारास ते सांधेदुखीसाठीच पुढे आणलं, रोगामागे जिवाणू असावेत या समजुतीनं सल्फा आणि सॅलिसिलेट यांची मोट बांधून. तुम्ही गोळी गिळता तेव्हा ती जोडलेलीच असते. ती फोडण्याचं काम तुमच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू करतात. ते नसते तर ही गोळी फारशी उपयोगी पडली नसती. तेव्हा त्यांना भाकरी घालत राहा. रक्ततपासण्या चुकवू नका.

आणि दाढा?


वडगावची सून
१५ ऑक्टोबर, रात्री १०.२०

एक काढली, दुसरी वाचली. हिरड्या चार वेळा साफ केल्या, रक्त थांबलं.

मिश्री सकाळची आणि दुपारची सुटली. रात्रीची नाही. डबी मी फेकली, तर दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांच्यातली अर्धी काढून माझ्या फडताळात ठेवली. माया म्हणून हो. अजून तिथंच आहे.


उचगावची अक्का
१५ ऑक्टोबर, रात्री १०.४१

माझी सुटायला चौदा महिने लागले. रात्री जेवल्यावर तोंडात लवंग ठेवायची मी, आणि भांडी स्वतः घासायची, हात रिकामे नकोत. फोन करा लागलं तर, नंबर व्यक्तिगत निरोपात टाकलाय. साडेनऊ-दहाला केव्हाही, मी जागीच असते.